घरी जेवायचं असल्यास आगाऊ आरक्षण करावे

वजनमापे खात्यातील एका निरीक्षकांच्या घरी रविवारी दुपारी बटाट्याचा रस्सा करपला. घटना तशी गंभीर नव्हती. निरीक्षकांच्या पत्नी त्या वेळी बहिणीशी फोनवर बोलत होत्या आणि बहीण आपल्या सासूबद्दल बोलत होती. अशा प्रसंगी जगातला कुठलाही बटाटा वाऱ्यावर सोडला जातो. निरीक्षकांनी पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि निर्णय दिला, "करपलंय."

लग्न झाल्यापासून जेवणाबाबतचे त्यांचे सर्व अभिप्राय याच नमुन्यातले होते. मीठ कमी. तिखट जास्त. गार झालंय. ज्या दिवशी दोष सापडत नसे त्या दिवशी ते काहीच बोलत नसत, आणि हे मौन प्रमाणपत्र समजावे अशी त्यांची अपेक्षा होती. खात्यातही हीच पद्धत होती. काटा बरोबर असलेल्या दुकानदाराची पाठ कुणी थोपटत नाही.

कन्या एका जाहिरात कंपनीत नोकरीला होती. तिने ताटाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'धूर प्यायलेला बटाटा. आईच्या हातचा.'

"अगं, करपलेलं जगाला काय दाखवतेस?" आई कळवळली.

"आई, फोटो काढला की ते करपलेलं राहत नाही," कन्या म्हणाली.

तिचं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्याच दिवशी दाराची बेल वाजली. बाहेर काळा सदरा आणि कोरीव दाढी असलेले एक गृहस्थ उभे होते. व्यवसाय विचारल्यावर त्यांनी "अन्नानुभव सल्लागार" असं सांगितलं आणि फोटोतला तो रस्सा चाखायला मिळेल का, अशी विनंती केली.

"कालचाच उरलाय हो," बाई संकोचल्या. "फ्रिजमध्ये होता."

"म्हणजे रात्रभर परिपक्व केलेला!" सल्लागार म्हणाले. त्यांनी डोळे मिटून एक चमचा तोंडात घातला. थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "यात खरेपणा आहे."

"यात मीठ जास्त आहे," निरीक्षक म्हणाले.

सल्लागारांनी खाडकन डोळे उघडले. "हे वाक्य आपण रोज म्हणता?"

"गरज पडेल तेव्हा."

"आता रोज पडेल," सल्लागार म्हणाले.

त्यांची योजना साधी होती. लोक महागड्या हॉटेलांत नळीतून थेंब थेंब गाळलेलं गाजर आणि फुंकर मारली तर उडून जाईल असा फेस खाऊन कंटाळले होते. त्यांना आता घर हवं होतं. म्हणून निरीक्षकांच्या बैठकीच्या खोलीत टेबलं मांडायची, बाईंनी स्वयंपाक करायचा, आणि उपाहारगृहाचं नाव ठेवायचं 'घर'.

निरीक्षकांनी हरकत घेतली. पण बाईंचा चेहरा पाहून ती परतही घेतली. इतक्या वर्षांत त्यांच्या रश्श्यावर कुणी रडलं नव्हतं. रडवणारे अभिप्राय मात्र पुष्कळ आले होते.

कामाला लागताच लक्षात आलं, की घर घरासारखं दिसत नाही. सोफा बाल्कनीत गेला. घरातले टवके उडालेले कप पुरेनात, म्हणून नवे कप आणून त्यांचे टवके उडवण्यात आले. टेबल डुगडुगल्याशिवाय घरपण येत नाही, असं सल्लागारांचं मत पडलं, तेव्हा सुताराला बोलावलं. तो बिचारा जन्मभर टेबलं स्थिर करत आला होता. चांगला पाय आखूड करताना त्याला घाम फुटला. बाईंसाठी आपुलकीची कार्यपद्धती ठरली. पाहुणा नको म्हणाला की एक डाव वाढायचा, पुन्हा नको म्हणाला की 'किती वाळलास रे' म्हणायचं. हे वाक्य वजन न बघता सर्वांना समान लागू होतं. कन्येने आतल्या खोलीतून अधूनमधून "आई, माझा टॉवेल कुठाय?" असं ओरडायचं. आणि निरीक्षकांनी कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्रामागे बसून, घास घेऊन, जेवणात खोड काढायची.

'घर' तुफान चाललं. निरीक्षकांचं "मीठ कमी" ऐकताच पाहुणे एकमेकांना कोपराने ढोसत. "अगदी आमचे बाबा!" असं म्हणून एका तरुणीने त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला. आयुष्यात प्रथमच निरीक्षकांच्या तक्रारीला लोक दाद देत होते. कार्यालयात जाताना ते शिटी वाजवू लागले.

पण वर्तमानपत्राच्या कडेवरून त्यांना हळूहळू दुसरंही काही दिसू लागलं. कुणी "वा!" म्हटलं की बाई किंचित लाजत, पदराने कपाळ पुसत आणि आत जाताना त्यांची पावलं हलकी पडत. त्या अशा चालतात हे निरीक्षकांना माहीत नव्हतं. एका संध्याकाळी बाईंनी त्यांच्यापुढे कोबी ठेवला. त्यांनी घास घेतला. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. ते ओठांवर आलंही. पण कोबी खरंच उत्तम झाला होता, आणि ते समोर उभ्या असलेल्या बायकोकडे बघत होते.

"छान झालंय गं," ते म्हणाले.

कुणाच्या तरी हातून चमचा पडला. बाई हातात डाव घेऊन जागच्या जागी थिजल्या. खिडकीजवळच्या पाहुण्याने शेजारणीला हळूच विचारलं, "हे कोण गं? पाहुणे आहेत का?"

सल्लागारांनी निरीक्षकांना बाल्कनीत नेऊन सोफ्यावर बसवलं.

"आपण काय बोललात, याची कल्पना आहे?"

"छान झालं होतं, म्हणून…"

"लोक इथे घर अनुभवायला येतात. कुठल्या घरात नवरा असं बोलतो?"

निरीक्षकांनी बराच विचार केला. ओळखीची सगळी घरं मोजून झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्र सल्लागारांच्या हाती दिलं.

त्याच आठवड्यात नाटकातला एक अनुभवी नट त्यांच्या खुर्चीत बसला. तो घास घेऊन असा उसासा टाकायचा, की पाहुण्यांना आपापलं बालपण आठवे. "माझ्या आईला जमायचं हे," हे वाक्य त्याने स्वतःहून भरीला घातलं आणि त्यावर टाळ्या मिळवल्या.

"त्याचा त्रास होत नाही तुला?" निरीक्षकांनी बायकोला विचारलं.

"बरा आहे हो तो," बाई म्हणाल्या. "बोलून झाल्यावर आत येऊन माफी मागतो."

निरीक्षकांची खुर्ची गेली, दादही गेली. उरली होती ती भूक. शेगडी पाहुण्यांसाठी राखीव झाली होती, त्यामुळे निरीक्षक आणि कन्या झोपण्याच्या खोलीत, दार लावून, बाहेरून मागवलेले डबे खात. बाहेरच्या अन्नाचा वास गेला तर घरपणाला बाधा येते, म्हणून दाराच्या फटीत चादर कोंबावी लागे. कार्यालयात सहकाऱ्यांनी विचारलं, "आज कुठे जेवलात?" तर ते म्हणत, "घरी जागा नव्हती."

शेवटी त्यांनी तेच केलं जे इतर सभ्य नागरिक करत होते. दुसऱ्याचं नाव सांगून, फोनवरून, आपल्याच बैठकीच्या खोलीत एक टेबल राखून ठेवलं. ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते मागच्या जिन्याने उतरले, इमारतीला वळसा घातला आणि पुढच्या दाराने वर आले. दारातल्या नव्या मुलीने त्यांना ओळखलं नाही. "या, आपलंच घर समजा," ती म्हणाली, आणि त्यांना डुगडुगत्या टेबलाशी बसवलं.

बाई डाव घेऊन आल्या. नवऱ्याला पाहून क्षणभर थबकल्या, पण कार्यपद्धती अंगवळणी पडली होती.

"किती वाळलास रे," त्या म्हणाल्या, आणि जीभ चावून पुटपुटल्या, "वाळलात."

निरीक्षक खरोखर वाळले होते. त्यांनी घास घेतला, चावला, आणि बायकोकडे मान वर करून पाहिलं.

"हे तू केलेलं नाहीस."

"हळू बोला!" बाई खाली वाकल्या. "महिना झाला, सगळं तयार होऊन गाडीतून येतं, शेगडीवर नुसतं गरम होतं. मी फक्त वाढते आणि आग्रह करते. आजवर एकालाही कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"बटाटे सगळे एका मापाचे आहेत. तुझे कधी नसतात. एखादा मोठा लागला की मला बरं वाटायचं."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"दोष नव्हता ना तो," निरीक्षक म्हणाले.

बाई हसल्या. शिकवलेलं हसू वेगळं होतं. हे तोंडावर पदर धरून, खांदे हलवत आलेलं होतं. "उद्या सकाळी ही मंडळी यायच्या आत शेगडी मोकळी असते," त्या म्हणाल्या. "लवकर उठाल?"

निरीक्षक "हो" म्हणणार, इतक्यात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचा फोन वाजला. "अगं, तू जेवून घे," ते त्रासून म्हणत होते. "काय केलंयस? भोपळा? घाल फ्रिजमध्ये. नाही, मला उशीर होईल. मी घरचं जेवायला बाहेर आलोय." फोन उलटा ठेवून ते स्वतःच्या ताटातल्या भोपळ्याकडे वळले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "अगदी आईच्या हातचा!"

निरीक्षकांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्याच टेबलांवर फोन थरथरत होते.

या मंडळींना हसायला काहीच हरकत नाही. फक्त हसण्याआधी एकदा कानोसा घ्यावा. आपण दुसऱ्याच्या बटाट्याची ही गोष्ट वाचण्यात गुंतलेले असताना, आपल्याच घरात आतून कुणीतरी "वाढलंय हो" म्हणून हाक मारली होती. आपण मान वर न करता "आलो" म्हणालात. ती व्यक्ती अजून उभी आहे.