मायलेजचा वसा

एका जंगलात, मुलांनो, पायवाटा होत्या तोवर सगळे वेळेवर पोचत असत. मग रस्ते झाले. मग गाड्या आल्या.

गाड्या करंजाच्या तेलावर चालत. तेल बुधल्याने घालत. एका बुधल्यात गाडी किती कोस जाते, त्याला मायलेज म्हणत. पूर्वी त्या जंगलात कोणी कोणाला भेटलं, की "बरे आहात ना?" असं विचारायची रीत होती. ती मोडली. आता "किती देते?" असं विचारत. म्हशीबद्दल विचारतात ना, तसं.

तिथे त्र्यंबकराव नावाचे एक साळिंदर राहत. स्वभावाने गरीब, विचाराला पक्के. त्यांची बायको कावेरीबाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष, सगळं मनोभावे करणारी. त्यांची एकुलती एक लेक चंपा डोंगरापलीकडच्या रानात दिली होती. तिला दिवस गेले होते.

साळिंदरांत पहिलं बाळंतपण माहेरी करतात. लेकीला सातव्या महिन्यात आणायचं. आठव्यात जागची हलवायची नाही. नवव्यात आणायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये, असं जुनी माणसं म्हणत.

"गव्याची बस रोज डोंगरापलीकडे जाते," कावेरीबाई म्हणाल्या. "तिने आणू या चंपाला."

"पहिलटकरीण बसने?" त्र्यंबकरावांचे काटे उभे राहिले. "एवढा बाप जिवंत असताना? आपण एक लहानशी गाडी घेऊ. माझी लेक गाडीतून माहेरी येईल."

कावेरीबाईंना भरून आलं. त्यांनी लगेच देवापुढे साखर ठेवली.

तेव्हा चंपाला पाचवा महिना होता. वेळ भरपूर होता.

त्र्यंबकराव विचार करू लागले. दोन गाड्या त्यांच्या नजरेत भरल्या. एकीची डिकी मोठी, आतून ऐसपैस, पण देत होती कमी. दुसरी अंगाने बारकी, डिकीत एक कलिंगड मावेल न मावेल, पण देत होती जास्त. सकाळी त्यांना डिकी पटे. दुपारी मायलेज पटे. संध्याकाळी डोकं दुखे.

"अहो, सातवा लागला," कावेरीबाई म्हणाल्या.

"म्हणूनच घाई करायची नाही. गाडी रोज रोज घेतो का आपण?"

सातवा सरला. आठव्यात हलवायचं नसतंच. त्र्यंबकरावांना आठवा महिना फार उपयोगी पडला. निवांतपणे विचार करता आला.

तो सरता सरता दोघं गाड्यांच्या दुकानात गेली. दुकानात कोतवाल पक्षी होता. कोतवालाला सगळ्यांचे आवाज काढता येतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. तो गिऱ्हाइकाशी गिऱ्हाइकाच्याच आवाजात बोले. त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटे, हे तर आपलंच मत.

कावेरीबाईंनी ऐसपैस गाडीचं दार उघडून पाहिलं. "मागे आमच्या चंपाला जरा कलंडता येईल ना हो? अवघडलेली असते. शिवाय काटे. दाटीवाटीत मोडतात."

"जागा हवीच गं बाई!" कोतवाल हुबेहूब कावेरीबाईंच्या आवाजात म्हणाला. "लेकीपेक्षा का तेल मोठं?"

कावेरीबाईंना तो पक्षी फार सात्त्विक वाटला.

मग कोतवाल त्र्यंबकरावांकडे वळला. घसा साफ करून त्यांच्या आवाजात म्हणाला, "जागा काय, सरकून घेतलं की होते. मुद्दा आहे तो किती देते हा."

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" त्र्यंबकराव म्हणाले.

बारकी गाडी ठरली.

"ही वीस कोस देते," कोतवाल म्हणाला. "पण हा एक वसा आहे. नेम पाळावे लागतात."

वसा म्हटल्यावर कावेरीबाईंनी पदर सावरला आणि हात जोडले. "कसले नेम, ते नीट सांगा."

"चढाला घाई करू नये. ब्रेकला होता होईतो पाय लावू नये. गार हवेचं बटण दाबू नये. काचा उघडू नयेत. आणि ओझं बसवू नये. एवढं मनापासून केलं, की वीसचा आकडा प्रसन्न होतो."

"आणि उद्यापन कधी करायचं?"

कोतवाल पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलला. "गाडी विकाल तेव्हा."

गाडी दारात आली. कावेरीबाईंनी तिच्यावर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. नारळाची एक वाटी डिकीत ठेवली, तर डिकी भरली.

त्र्यंबकराव एक फेरी मारून आले. गाडीने सोळा दिले.

त्या दिवशी घरात कोणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्र्यंबकरावांनी वसा कडक केला. आधी स्टेपनी काढली. मग जॅक काढला. मग पायाखालची रबरं काढली. मग मागची सीट उचलून ओसरीवर आणून ठेवली.

"अहो, चंपा बसणार कशावर?"

"तिला आणायच्या दिवशी लावू. तोवर उगाच कशाला फिरवायची?"

पुढच्या काचेशी पितळेचा छोटा गणपती होता. त्याच्याकडेही त्र्यंबकरावांचं लक्ष गेलं. कावेरीबाई आयुष्यात पहिल्यांदा आडव्या आल्या. "देव उतरवायचा नाही!" बराच वाद झाला. शेवटी पितळेचा गणपती देवघरात नेला आणि गाडीत कागदाचा चिकटवला.

आता उरलं दोघांचं वजन.

"मी म्हणतो," त्र्यंबकराव म्हणाले, "उद्या एकादशी आहे ना? मीही करतो."

कावेरीबाईंचे डोळे पाण्याने भरले. इतक्या वर्षांत जे देवाने केलं नाही ते गाडीने केलं. त्यांनी पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक केला. साबुदाण्याची खिचडी, वर साजूक तूप. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस. राजगिऱ्याच्या पुऱ्या. संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू, कारण उपाशीपोटी झोपू नये. त्र्यंबकरावांनी एकही नेम मोडला नाही. सगळं खाल्लं.

द्वादशीला गाडीने पंधरा दिले.

"उपवास फळला नाही," त्र्यंबकराव खचून म्हणाले.

"फळतो हो," कावेरीबाई म्हणाल्या. "एकाने नाही फळत. अजून करू."

इतक्यात डोंगरापलीकडून पाखरू निरोप घेऊन आलं. *नववा लागला. न्यायची असेल तर आजच न्या. नाहीतर आम्ही इथेच करू.*

कावेरीबाई घाईघाईने लुगडं बदलून आल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

"तू?" त्र्यंबकराव म्हणाले. "तू आलीस तर दीड कोस जातो."

"मग मी राहते. पण ती सीट तेवढी लावा."

"अगं, जाताना मी एकटाच. रिकामी सीट डोंगरावर चढवायची?"

"आणि येताना?"

"येतानाचं येताना बघू."

कावेरीबाईंनी डबा पुढे केला. त्र्यंबकरावांनी तो हातात जोखला आणि त्यातला एक लाडू घेतला.

प्रवास फार सुरेख झाला. काचा बंद, बटण बंद, चढाला बैलगाड्या पुढे गेल्या. चंपाच्या दारात पोचले तेव्हा गाडी एकोणीस देत होती. चंपा उंबऱ्याशी उभी होती, अवघडलेली, शेजारी दोन गाठोडी.

"बाबा! किती वाट बघायला लावलीत!" तिने हसत गाडीत डोकावून पाहिलं. "बाबा, सीट?"

"आहे ना. घरी ओसरीवर. अगदी नवी आहे."

"मग मी बसू कुठे?"

त्र्यंबकरावांनी चंपाकडे पाहिलं. गाठोड्यांकडे पाहिलं. मग आकड्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला, मुलांनो. बापाचं काळीज होतं ते. पण एकोणीस होते.

"चंपे," ते हळू आवाजात म्हणाले, "उताराला तर वीसला शिवून आली गं."

तेवढ्यात गव्याची बस आली आणि धूळ उडवत थांबली. गव्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"नवी वाटतं, त्र्यंबकराव? किती देते?"

"एकोणीस! आणि तुमची?"

"माझी देते चार. आत निम्मं जंगल बसलंय."

"चार!" त्र्यंबकरावांना गव्याची फार दया आली.

चंपाने एक गाठोडं उचललं. "बाबा, मी हिच्यातून येते. तुमचा वसा मोडायला नको."

त्र्यंबकरावांना वाटलं, लेक असावी तर अशी. त्यांनी दुसरं गाठोडं स्वतःच्या हाताने बसमध्ये चढवलं.

बसमध्ये गर्दी होती. पण साळिंदराची पहिलटकरीण आत शिरली, की जागा आपोआप होते. चंपा लांब बाकावर कलंडली. एका म्हाताऱ्या माकडिणीने तिला वारा घातला.

घाटात चंपाच्या पोटात कळा सुरू झाल्या.

"गव्या, कुठे थांबू नकोस रे!" माकडीण ओरडली.

गव्याने वाटेतला एकही थांबा घेतला नाही. ज्यांना उतरायचं होतं त्यांनीही "चल, चल" म्हटलं. चढाला घाई केली, वळणाला ब्रेक मारले, काचा सगळ्या उघड्या. एकही नेम पाळला नाही. बस थेट कावेरीबाईंच्या अंगणात उभी राहिली. चंपाला आत नेली, पाणी तापवलं, आणि दिवेलागणीला मुलगी झाली. मऊ मऊ काट्यांची. माय-लेकी सुखरूप.

त्यानंतर बऱ्याच वेळाने त्र्यंबकरावांची गाडी आली. ब्रेक न लावता ती कुंपणाला टेकून थांबली.

"वीस!" त्र्यंबकराव अंगणातूनच ओरडले. "कावेरी, वीस दिले!"

कावेरीबाई बाळाला दुपट्यात गुंडाळून ओसरीवर आल्या. "अहो, हळू. नात झाली तुम्हाला."

त्र्यंबकराव वाकले. नातीकडे बघतच राहिले. तिने मूठ उघडली, मिटली. त्र्यंबकरावांचे डोळे ओले झाले.

"वजन किती?" त्यांनी विचारलं.

कावेरीबाईंना धन्य वाटलं. इतक्या महिन्यांनी या घरात कोणी माणसाची चौकशी केली होती.

"चांगली भरलेली आहे हो! हातात घेऊन तर बघा!"

त्र्यंबकरावांनी नातीला हातात घेतलं. हळूच वरखाली केलं. मग गाडीकडे पाहिलं.

"हिला सव्वा महिन्याने देवदर्शनाला न्यायची असेल ना?"

"हो तर. तुमच्याच गाडीतून नेऊ."

"छे, छे," त्र्यंबकरावांनी नातीचा पापा घेतला. "मी गव्याला सांगून ठेवतो."

तात्पर्य: मुलांनो, मायलेज हे पुण्यासारखं असतं. ते साठवायचं असेल, तर कोणाच्या उपयोगी पडू नये.