लाल टेकडीसमोर बाबांची टोपी

त्या शनिवारी मी माझ्या धाकट्या बहिणीला भिंतीवरून खाली उतरवणार होते! म्हणजे तिच्या फोटोला. नामिबच्या वाळवंटातली सगळ्यात उंच लाल टेकडी, आमच्या चर्चचे तीन मनोरे एकावर एक रचले तरी बुटके दिसतील अशी. तिचा धाकट्या मॅग्रिटाने काढलेला फोटो बाबांनी रेडिओच्या वर टांगला होता. घरी कोणीही आलं की चहाच्या आधी तोच पाजायचे.

"आमच्या मॅग्रिटाने काढलाय! बघा, वाळूवर एक तरी पाऊल दिसतंय का?"

पाहुणे चष्मा लावून पाऊल शोधायचे. मी स्वयंपाकघरात किटलीचं झाकण जरा जोरात आपटायचे.

कॅमेरा उसना आणला, गाडी चालवायला बाबांना घेतलं. वाळू लागण्याआधी, गाडी रुतू नये म्हणून, त्यांनी नेहमीसारखी टायरमधली थोडी हवा सोडली. रात्रीच्या वाऱ्याने टेकडी पुसून ठेवली होती. एक अंग तापल्या तव्यासारखं लाल, दुसरं काळं, मधे सुरीसारखी धार. पाऊल नावालाही नाही. मॅग्रिटा, संपलीस तू!

मी लांब सपाटीवर कॅमेरा लावला. डोळा टेकवते, तर बरोबर मधोमध बाबा! कॉफीचा थर्मास घेऊन.

"बाबा, बाजूला व्हा!"

वारा माझ्या तोंडावर होता. त्यांचं मला ऐकू यायचं, माझं त्यांना नाही. त्यांनी टोपी काढून डोक्यावर गरगर फिरवली. म्हणजे, काय म्हणतेस?

पण आमच्याकडे वाळूत टोपी फिरवणारा माणूस म्हणजे रुतलेला माणूस. त्याला टाकून पुढे गेलात तर रविवारी चर्चमध्ये तुमच्या बाकावर कोणी बसणार नाही. पर्यटकांनी भरलेली गावातल्या विल्लमकाकांची गाडी करकचून वळली.

"गॉटलीब!" काकांनी बाबांना हाक मारली. "किती रुतलीय?"

"कोण?"

"अरे, गाडी!"

"गाडी बरी आहे. पोरगी ओरडतेय!"

"पोरगी रुतली? कंबरेपर्यंत की गळ्यापर्यंत?"

काका फावडं घेऊन धावले. पर्यटक पाण्याच्या बाटल्या घेऊन धावले. ते धावताहेत म्हणून मागच्या गाडीतलेही धावले. एक जाडजूड आजीबाई "वरून बघते!" म्हणत थेट धारेवर चढल्या. पाहता पाहता माझ्या टेकडीची शेळ्यांनी तुडवलेली पायवाट झाली!

शेवटी दोरखंड घेऊन कोण यावं? मॅग्रिटा! तीही पर्यटकांची गाडी चालवते.

"ताई, तू रुतलीस?"

"मी इथे उभी आहे, दिसत नाही?"

"मग कोण रुतलंय?"

"बाबा! माझ्या फोटोत!"

ती वाळूत बसून हसली. तिकडे बाबाही टोपी फिरवत हसत सुटले. "आलाच आहात तर कॉफी घ्या रे!" मी रागाने बटण दाबत सुटले.

परतताना बाबा म्हणाले, "दाखव तरी."

"टेकडी सोडून सगळं आलंय!"

"मग बरंच की."

मी कॅमेरा पिशवीत कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

शवपेटीजवळ ठेवायला विल्लमकाकांनी बाबांचा फोटो मागितला. मॅग्रिटाने आपले सगळे फोटो चाळले. टेकड्या, आणखी टेकड्या, स्वच्छ, पुसलेल्या.

"ताई, एकातही माणूस नाही गं," ती म्हणाली.

मी तो उसना कॅमेरा पुढे केला. डोक्यावर टोपी फिरवत, तोंड भरून हसणारे बाबा. मागे अर्ध्या गावाने तुडवलेली टेकडी.

तिने तो खूप वेळ पाहिला. "मला का नाही असा मिळाला?"

तो सूर माझ्या ओळखीचा होता. किटलीच्या झाकणाचा.

रेडिओच्या वर आता माझा फोटो आहे. म्हणायचं तर मी जिंकले! पाहुण्यांना चहाच्या आधी तोच दाखवते. चष्मा मात्र कोणाला लावावा लागत नाही, पावलं नुसत्या डोळ्यांनाही दिसतात.

फ्रेम जरा वाकडी लागली होती. काल ती सरळ करायला स्टुलावर चढले. घरात कोणी नव्हतं. बाहेर वारा थांबला होता.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "तिथेच थांबा. अगदी बरोबर मधे उभे आहात."