डबके तालमीचे रिकामे दगड

मुलांनो, गलका पुरे. एका जंगलात एक डबकं होतं आणि त्या डबक्याची एक फुटबॉल टीम होती. तिचं नाव डबके तालीम.

टीमचा रंग चिखलाचा. तो कुणी निवडला नव्हता. खेळ सुरू झाला की आपोआप यायचा. गोलकीपर कासव होतं. चेंडू जाळ्यात गेल्यावर ते सावकाश वळून खात्री करून घ्यायचं. टीम क्वचितच जिंकायची.

मैदानाच्या कडेला बसायला दगड होते. प्रत्येकाचा दगड ठरलेला. कुणी वारलं, की त्याचा दगड रिकामा ठेवायचा. मग डबके तालीम जिंकली, की घरच्यांनीच उठून तिथे नव्या कुणाला तरी हात धरून बसवायचं. अशी रीत होती. टीम हरतच असल्यामुळे गेलेली मंडळी बराच काळ टिकायची.

तानूअक्का नावाच्या पाणमांजरीचा नवरा आदल्या उन्हाळ्यात गेला. ती त्याच्या दगडाशेजारी बसायची. मॅच संपली, की दगडाकडे बघून "हरलो" एवढंच सांगायची आणि घरी जायची.

एके दिवशी दूरच्या जंगलातल्या तरसशेठनं टीम विकत घेतली. कशासाठी, ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. त्याच्या ओळखीच्या सगळ्या तरसांकडे एकेक टीम होती.

"डबके हे नाव जरा ओलसर वाटतं," शेठ म्हणाला.

टीम 'सुवर्णपंजा' झाली. रंग सोनेरी झाला. डबकं बुजवून त्यावर गवत लावलं. कासवाला 'सन्माननीय वारसादूत' नेमलं, म्हणजे घरी बसवलं. परदेशी चित्ते आले आणि टीम जिंकू लागली.

पहिल्याच विजयानंतर मॅनेजर कोल्हा दगडांपाशी आला.

"अक्का, अभिनंदन! आता हा दगड सोडायचा. तुमचीच रीत आहे. या रांगेला फार मागणी आहे."

"कोण जिंकलं?" अक्कानं विचारलं.

"कोण म्हणजे? सुवर्णपंजा!"

"मग त्यांच्या दगडावरनं कुणाला उठवायचं त्याला उठवा. आमची डबके तालीम अजून जिंकायची हाय."

"लागला की गोल!" मागून रेडा ओरडला. "काढ आता जाळ्यातनं, कोल्होबा!"

दगड जबरदस्तीनं घेतले असते, तर बोंबाबोंब झाली असती. ती सोनेरी रंगाला शोभली नसती. म्हणून शेठ गप्प बसला. टीम जिंकत राहिली आणि दगड रिकामेच राहिले.

मग शेठनं 'वारसा दिन' जाहीर केला. एका मॅचपुरतं जुनं नाव, जुना रंग. कासवाला मानानं बोलावून गोलात उभं केलं. चिखल मात्र बाहेरगावाहून मागवावा लागला.

जुनी मंडळी ढसाढसा रडली.

"शेठ, मानलं तुम्हाला!" रेडा म्हणाला. "तुम्ही आमचेच!"

अक्का रडली नाही. समोर सशांच्या शाळेची टीम उभी होती. ती तिनं पाहिली आणि शेठचा बेत तिला समजला. आज डबके तालीम हरली, तरच तिच्या नवऱ्याचा दगड राहणार होता.

अक्का तोंड मिटून बसली. ससे जीव तोडून धावत होते. चेंडू कासवापर्यंत काही येत नव्हता, पण सशांच्या जाळ्यातही अजून गेला नव्हता. शेवटी शेवटी चिखलानं माखलेला एक चित्ता सशांच्या गोलासमोर एकटाच सुटला. तो जरा घसरला. क्षणभर तो अगदी आपल्यातलाच वाटला.

"मार की, मुडद्या!" अक्का उभी राहून ओरडली.

त्यानं मारला.

कोल्हा पोचायच्या आत अक्कानं दगड पदरानं पुसून ठेवला होता. कोल्ह्याबरोबर एक जाडजूड अस्वल होतं. अक्कानं त्याचा हात धरला आणि त्याला दगडावर बसवलं.

"इकडनं ऊन येतं," ती म्हणाली. "डोक्यावर काहीतरी घेत जावा."

अस्वल ऐसपैस टेकलं. त्यानं मैदानावर नजर फिरवली.

"बाई, यातली आपली टीम कुठली?"

"चिखलाची," अक्का म्हणाली. "आजच्यापुरती."

तात्पर्य: मुलांनो, आपली टीम जिंकावी अशी इच्छा मनात आणू नये. एखादा श्रीमंत माणूस ती पूर्ण करतो.