भिंगरीची तिमाही प्रगती

वस्तीतल्या चाळीस मुली दर बुधवारी दुपारी चार ते साडेपाच या वेळेत सक्षम होत असत. तशी नोंद संस्थेच्या दप्तरात होती आणि तिच्यावर सही-शिक्काही होता. आठवड्याच्या उरलेल्या वेळेत त्या वंचित असत, पण ती जबाबदारी संस्थेकडे नव्हती.

कार्यक्रमाचं नाव होतं 'धाव आणि शीक'. खेळ आणि शिक्षण ही दोन चाकं आणि त्यांवर मुलींचं भविष्य, असं फलकावर लिहिलं होतं. फलक मैदानाच्या बरोबर मध्यभागी रोवला होता, कारण छायाचित्रात तो तिथूनच नीट यायचा. मुलींनी त्याला वळसा घालून पळायचं. दहा नवेकोरे चेंडूही आले होते, पण त्यांवर संस्थेचं चिन्ह असल्यामुळे ते मळू नयेत म्हणून कपाटात ठेवले होते. शिक्षणासाठी 'मी सक्षम होत आहे' नावाची वही होती. आज आपण किती सक्षम झालो हे मुलींनी त्या वहीतल्या हसऱ्या किंवा रडक्या चेहऱ्याला रंग देऊन कळवायचं. हसऱ्या चेहऱ्याला लागणारे पिवळे खडू पहिल्याच महिन्यात संपले.

या सगळ्याच्या प्रशिक्षक होत्या शिट्टीबाई. एके काळी त्या स्वतः मोठमोठ्या स्पर्धांत धावल्या होत्या. पुढे गुडघे गेले, पदकं ट्रंकेत गेली, आणि हातात उरली ती गळ्यातली शिट्टी आणि अकरा महिन्यांचा करार. बाई स्वभावाने सरळ होत्या. सरकारी असो वा खाजगी, कुठल्याही कामात हा दोष लवकर उघडकीस येतो. शिट्टीबाईंचा तर पहिल्याच दिवशी आला.

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीची 'पायाभूत मोजणी' करायची होती. म्हणजे सक्षम होण्याआधी ती किती अक्षम आहे, ते मोजून ठेवायचं. बाईंनी शंभर मीटरची रेघ आखली, घड्याळ हातात घेतलं आणि एकेका मुलीला पळवलं. त्यांत इस्त्रीवालीची मुलगी होती, तेरा वर्षांची. पायाला सदा भिंगरी, म्हणून सगळी वस्ती तिला भिंगरीच म्हणायची. ती अनवाणी पळाली, तेरा पॉइंट चार सेकंदांत. बाईंनी घड्याळ झटकून पाहिलं, तिला पुन्हा पळवलं. पुन्हा तेच. बाईंच्या अंगावर काटा आला. वीस वर्षांत असे पाय त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी आनंदाने आकडा तक्त्यात भरला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढच्याच बुधवारी प्रकल्प अधिकारी धावत आले. वय सव्वीस, काखेत संगणक, चेहऱ्यावर साऱ्या वंचितांची काळजी.

"मॅडम, हे काय केलंत? तेरा पॉइंट चार?"

"होय साहेब! अहो, हिरा सापडलाय!"

"हिरा कोणी मागितला होता? वर्षअखेर प्रत्येक लाभार्थीत तीस टक्के सुधारणा दाखवायचीय. तेराचे तीस टक्के कमी केले तर..." साहेब संगणक उघडू लागले.

"नऊ पॉइंट अडतीस," शेजारी उभी असलेली भिंगरी म्हणाली. "तेरा पॉइंट चारचे, साहेब. नुसत्या तेराचे नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तक्त्यात लिहिलं, 'गणित : आधीच येते. चिंताजनक.'

"साहेब," बाई म्हणाल्या, "नऊ पॉइंट अडतीस सेकंदांत आजवर जगातला कुठला पुरुषही धावलेला नाही."

"म्हणून आपण आधीच हार मानायची का, मॅडम?" साहेब कळवळून म्हणाले. पण मग त्यांनाही ते जरा जड वाटलं असावं. त्यांनी आवाज उतरवला. "फेरमोजणी करा. मुलगी पहिल्या दिवशी उत्साहात होती, असं लिहू."

फेरमोजणी झाली. भिंगरीला सांगितलं, हळू पळ. तिने जीव तोडून हळू पळायचा प्रयत्न केला, चौदा आले. साहेबांनी आपले जाड बूट तिच्या पायांत घातले, पुन्हा चौदाच. शेवटी साहेबांनाच युक्ती सुचली. नळावरून पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या आणल्या आणि तिच्या दोन्ही हातांत दिल्या. मुलगी बावीस सेकंदांत पोचली, आणि सवयीमुळे थेंबभरही पाणी सांडलं नाही.

"साहेब, हे खोटं नाही का?" बाईंनी विचारलं.

"खोटं कसं? ही रोज पाणी भरते ना? मग हेच तिचं वास्तव. आपली मोजणी वास्तवदर्शी आहे." त्यांनी कागद पुढे सरकवला. "सही करा. नाही तर चाळिसांचा कार्यक्रम बंद पडेल, एका मुलीपायी."

बाईंनी चाळीस मुलींकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या कपाटाच्या काचेतून चेंडूंकडे पाहत होत्या. बाईंनी सही केली. आपण मुलींसाठी करतोय असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि खरंच, थोडंफार मुलींसाठीच होतं ते.

खरी गोम पुढेच होती. दर तीन महिन्यांनी निरीक्षक यायचे आणि प्रगती डोळ्यांनी पाहायचे. प्रगती टप्प्याटप्प्यानेच व्हायला हवी, असा दंडक होता. पहिल्या तिमाहीत वीस, दुसऱ्या तिमाहीत अठरा, तिसऱ्या तिमाहीत सोळा. मुलगी एकदम पळाली तर ती कार्यक्रमामुळे पळाली हे सिद्ध कसं व्हायचं? तेव्हा दर बुधवारी शिट्टीबाई भिंगरीला हळू पळायला शिकवू लागल्या.

"गुडघे उचलू नकोस. हात सैल सोड. मध्येच मागे वळून बघ. अगं, इतकी नीट नको पळूस, बाई!"

"बाई, पाय आपोआप पळतात."

"त्यांना सांग, या तिमाहीत वीसच."

पोरगी हुशार. साताठ महिन्यांत तिला असं जमलं की साहेबांनी आकडा सांगावा आणि तिने तो पायांनी लिहून दाखवावा. मात्र पहाटे, वस्ती जागी व्हायच्या आत, गोदामामागच्या सडकेवर बाई तिला खरं धावणं शिकवत. दर महिन्याला वेळ उतरत गेली आणि बारा पॉइंट आठवर आली. त्या आकड्याची नोंद कुठेच नव्हती.

बाईंच्या मनात एकच होतं, क्रीडा निवासी शाळा. राहणं, जेवण, बारावीपर्यंत शिक्षण, धावायला खरी धावपट्टी. सगळ्या वस्त्या मिळून तिथे एकच जागा होती. इस्त्रीवालीला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती इस्त्री तशीच कपड्यावर टेकवून उभी राहिली. कुणाच्या तरी सदऱ्याची बाही जळाली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

"बाई, तिला तिथं पोचवा. इथं राहिली तर दोन वर्षांत या टेबलापाशी उभी राहील, माझ्यासारखी. मला माझी जागा तिला द्यायची नाहीये."

"पोचवते," शिट्टीबाई म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी दिलेलं हे एकच वचन असेल ज्याला अटी-शर्ती नव्हत्या.

निवडीसाठी संस्थेचं पत्र लागत होतं. साहेबांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे ती जाणार?"

"निवड झाली तर जाणार ना, साहेब!"

"मॅडम, लाभार्थी मधेच कार्यक्रम सोडून गेली तर तिची नोंद 'गळती'त होते. आमची गळती शून्य आहे. तीन वर्षं शून्य आहे!"

"अहो, पण ती पुढे जातेय."

"पुढे गेली काय, मागे गेली काय, तक्त्यात रकाना एकच आहे."

बाई आठ दिवस त्यांच्या टेबलापुढे बसून राहिल्या. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे त्यांना आता कळलं होतं. पत्र नाही तर वार्षिक सोहळ्यात शिट्टीही नाही, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा साहेबांनी मार्ग काढला. मुलगी गेली तरी ती 'विस्तारित लाभार्थी' म्हणून कागदावर इथेच राहील. निवड चाचणी आणि सोहळा एकाच दिवशी होते. सकाळी चाचणी द्या, दुपारी सोहळ्याला हजर राहा. पत्रासोबत त्यांनी स्वखुशीने भिंगरीचा रंगीत प्रगती आलेखही जोडला. बावीसवरून तेरा पॉइंट दोन, चाळीस टक्के सुधारणा. या आलेखाला त्या वर्षीचं उत्कृष्ट कार्याचं पारितोषिक मिळालं होतं.

"हा पाहिल्यावर कोण नाही म्हणेल?" साहेब म्हणाले.

चाचणीच्या दिवशी भिंगरीच्या अंगातल्या कपड्यांची घडी अशी होती की माशी बसली असती तर घसरली असती. ती धावली. बारा पॉइंट आठ. दुसरी मुलगी आली तेव्हा भिंगरी वळून परत निघाली होती. निवड अधिकारी बाईंनी स्वतःच्या हातातलं घड्याळ दोनदा पाहिलं, उठून उभ्या राहिल्या, भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला आणि फाईल उघडली.

मग त्या खाली बसल्या.

"गेल्या वर्षी बावीस सेकंद?"



"एका वर्षात नऊ सेकंदांची सुधारणा माणसात होत नाही," अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या. "एक तर मुलीला काहीतरी औषध दिलंय, नाही तर ही ती मुलगीच नाही."

"मॅडम, ते बावीस खोटे आहेत! तिच्या हातांत बादल्या होत्या!"

"सही कोणाची आहे?"

"माझी."

"म्हणजे तुम्ही खोट्या नोंदीवर सही करता."

"हो. पण आजची वेळ तर तुम्ही घेतलीत ना? तुमच्याच घड्याळावर!"

"माझं घड्याळ बरोबरच आहे." अधिकारी बाईंना खरंच वाईट वाटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "पण मागच्या नोंदीशी विसंगत कामगिरी ग्राह्य धरता येत नाही. मी काय करू? मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तिची गेल्या वर्षीची वेळ चौदा पॉइंट दोन होती आणि आजची चौदा. अगदी सुसंगत. ती वस्तीतली नव्हती, पण तिचे कागद तिच्याइतकेच स्वच्छ होते.

परतीच्या वाटेवर शिट्टीबाई रडल्या. आपणच आपल्या हाताने या पोरीचं वाटोळं केलं, हे त्या मोठ्याने बोलल्या, दोनदा बोलल्या.  भिंगरी बोटांवर कसला तरी हिशेब करत होती.

दुपारी मंडप भरला होता. कपाटातले चेंडू बाहेर आले होते. पहिल्या रांगेत दहा स्वच्छ मुली ते मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साहेबांनी ध्वनिक्षेपकावरून बावीस सेकंदांची कहाणी सांगितली. जिला चालणंही जड होतं, ती आज धावते आहे! प्रमुख पाहुणे हे एक कनवाळू गृहस्थ होते. त्यांनी भिंगरीला पुढे बोलावलं.

"बाळ, दाखव बरं आम्हाला धावून!"

भिंगरी धावली. पाहुण्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला तेव्हा ती मैदानाच्या टोकाला पोचलेली होती. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"छान, छान," पाहुणे जरा हिरमुसून म्हणाले. "पण हे नंतरचं झालं. आधी कशी पळायचीस, ते दाखव ना."

भिंगरीने शिट्टीबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. 'नको' म्हणून हलवली होती, पण लांबून मान हलली एवढंच दिसतं. भिंगरी रेघेवर उभी राहिली आणि पळाली. गुडघे न उचलता, हात सैल सोडून, मध्येच मागे बघत.  बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एक आजोबा उभे राहिले, मग त्यांच्यामागे सगळा मंडप उभा राहिला, आणि टाळ्या थांबेचनात.

त्या मंडपात वाईट माणूस एकही नव्हता. सुटीच्या दिवशी वेळ काढून आलेली, तुमच्यासारखीच चांगली, हळव्या मनाची माणसं होती सगळी. तेरा पॉइंट चारची बारा पॉइंट आठ झाली, असं कोणी सांगितलं असतं तर त्यांनी घड्याळात पाहिलं असतं. तुम्हीही पाहिलं असतं. वस्तीतली पोर आधीपासूनच आपल्यापेक्षा पुढे आहे, तिला फक्त दार उघडून हवंय, यात आपल्याला रडण्यासारखं काय आहे?

भिंगरी धापा टाकत शिट्टीबाईंजवळ आली. धापाही शिकल्याप्रमाणेच होत्या.

"बाई, घड्याळ लावलं होतं ना? किती आले?"

बाईंनी सवयीने लावलं होतं. त्यांनी मुठीतलं घड्याळ पाहिलं.

"बावीस," त्या म्हणाल्या. "बरोब्बर बावीस."

भिंगरीचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच उजळला.

"मग आता जुळलं ना कागदाशी? चला ना बाई परत. आता तरी घेतील मला."