उंडग्या आणि त्यांचा प्रशिक्षकवर्ग

फॉर्म भरावा तर मीच! छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात कारकुनी केली, पण माझ्या टेबलावरून अर्धवट फॉर्म पुढे सरकला, असं एकदाही झालं नाही. साहेब म्हणायचे, "बाईंना रिकामा रकाना दिसला की घशाला कोरड पडते." खोटं नव्हतं ते.

तेव्हा नातीने तिच्या फुटबॉल क्लबचा फॉर्म माझ्या हातात दिला, ही चूक तिचीच, असं माझं अजूनही मत आहे.

"आजी, लीगच्या ऑफिसात जाऊन फक्त रांगेत उभी राहा. क्लबचं नाव अजून ठरायचंय. शाळा सुटली की मी कोचताईंना घेऊन येते, उरलेलं तिथेच भरू. तू काही लिहू नकोस हं!"

"मी कशाला लिहू?"

रांग होती कुठे! पावणेतीनलाच मी खिडकीशी. आतल्या कारकुनाने फॉर्म पाहिला आणि एका बोटाने परत ढकलला. "अर्धवट आहे, आजी."

मला! अर्धवट!

मी पर्समधून पेन काढलं. 'क्लबचे नाव'. आणि हाताने आपलं आपणच लिहिलं, 'उंडग्या'.

सांगते. मी बारा वर्षांची असताना आम्ही आठ मुली पाण्याच्या टाकीमागे फुटबॉल खेळायचो. चेंडू दादाने टाकून दिलेला, आजारी भोपळ्यासारखा एका बाजूने बसलेला. आजूबाजूच्या बायका ओरडायच्या, "आल्या उंडग्या!" आम्हाला ते नाव फार आवडायचं. मी गोलात उभी राहायचे. एक दिवस बाबा आले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "पुरे झालं आता. मोठी झालीस." चेंडू तेव्हा हवेत होता. मी मान वळवून बघत होते, तेवढ्यात कोपरा आला. तो अडला की आत गेला, बासष्ट वर्षं झाली, मला कळलेलं नाही.

असो. खाली 'प्रशिक्षकवर्ग'. मुख्य प्रशिक्षक म्हणजे कोचताई. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, आणि तरुणपणी त्या खरोखरच्या खेळाडू होत्या. पण पुढे दोन रकाने कोरे! 'फिटनेस प्रशिक्षक' मध्ये मी आमच्या ह्यांचं नाव घातलं. बुटाची नाडी बांधली तरी ह्यांना दम लागतो! आणि 'गोलरक्षक प्रशिक्षक' मध्ये... आता तुम्हीच ओळखा.

धाडकन शिक्का बसला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

चारला नात आणि कोचताई पोचल्या.

"उंडग्या?" नात किंचाळली. "आजी! आज शाळेत आमचं 'वाघिणी' ठरलं होतं!"

"नाव आता वर्षभर बदलत नाही," खिडकीतून कारकून म्हणाला. "आणि ते शेवटचे दोन रकाने ऐच्छिक होते. पण भरलेत, तर रविवारी निरीक्षक बाई मैदानावर येऊन तिघांचंही काम बघणार. एक जरी नाव खोटं निघालं, तर नोंदणी रद्द."

कोचताईंनी गळ्यातली मापाची टेप दोन्ही हातांनी घट्ट धरली. "आजी, यंदा लीग हुकली तर या पोरी पुन्हा जमायच्या नाहीत. तिघींच्या घरी आताच सुरू झालंय, पुरे करा म्हणून."

पुरे! माझ्या मनगटाला कोणी हात लावला नव्हता, तरी ते दुखलं.

घरी ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता हे म्हणाले, "अगं, मी फिटनेस? आपल्या फ्रीजला विचार, तो माझ्यापेक्षा जास्त हलतो!"

"अहो, एका सकाळपुरतं!"

रविवारी निरीक्षक बाई आल्या. चेहरा असा, की लिंबानेही आंबट तोंड करावं! कोचताई पहिल्या फटक्यात पास. मग हे पुढे झाले, दोन पावलांतच धापा टाकू लागले आणि गवतावर बसून म्हणाले, "मुलींनो... आधी... श्वास!" मुलींना वाटलं हाच व्यायाम. पंधराजणी टपाटप खाली बसल्या आणि डोळे मिटून श्वास घेऊ लागल्या. बाईंनी काहीतरी लिहिलं.

"आता गोलरक्षक प्रशिक्षक."

मी पदर खोचला आणि दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. तुम्हाला म्हणून सांगते, तिथून मैदान किती मोठं दिसतं! चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे कुठे गेले, कळलं नाही. टाकीमागच्या त्या सातजणी आता कुठे असतील, जिवंत तरी असतील का, कोण जाणे. पण क्षणभर वाटलं, नातीच्या मागे त्याच उभ्या आहेत.

"आजी, हळू मारते हं," नात म्हणाली.

"हळू कशाला? मार की नीट!"

तिने मारला. चेंडू थेट पोटात! मी दोन्ही हातांनी तो कवटाळला आणि बसकण मारली. मैदानभर आरडाओरडा! हे तर श्वास विसरून उभे राहिले!

निरीक्षक बाई जवळ आल्या. "चेंडू द्या."

"देते. जरा थांबा ना," मी म्हटलं. सोडवतच नव्हता.

त्यांनी वाकून माझ्या मागे-पुढे पाहिलं. "प्रशिक्षक आहात ना? मग सांगा. अडवलात की गोल झाला?"

मी खाली पाहिलं. रेषा माझ्या चपलांच्या पुढे होती. वीतभर पुढे! मी चेंडूसकट आत बसले होते. कोचताई दुरून मान हलवत होत्या, अडवला म्हणा, अडवला! मलाही किती म्हणायचं होतं! पण रेषा समोर दिसत होती, आणि त्या दोन रकान्यांतली नावं सोडली, तर खोटी नोंद आयुष्यात केली नव्हती.

"गोल," मी म्हटलं.

बाई पहिल्यांदा हसल्या. "स्वतःविरुद्ध गोल देणारा प्रशिक्षक मी आजवर पाहिला नव्हता. नियम येतात तुम्हाला." आणि त्यांनी तिन्ही नावांपुढे खूण केली. पोरींनी मला चेंडूसकट उचललं!

पहिला सामना आम्ही सात-शून्य हरलो. सामना संपल्यावर एका मुलीचे वडील तणतणत आले. "या उंडग्यांच्या गोलरक्षकाला शिकवतं कोण?"

मी काय करणार? खुर्चीत घोरत पडलेल्या फिटनेस प्रशिक्षकांकडे बोट दाखवलं.