कोयनेलचा पेला आणि बेडकाची मोहीम

फसली सन तेराशे पन्नास, माहे आबान, मुक्काम आखाडा बाळापूर. हिवतापाने नासेरमियां, उमर वर्षे पाच, यांजवर चाल केली, ती कैसी मोडली याची हकीकत आठवते तैशी लिहिली असे.

कोयनेलचा शेवटला डोस पेल्यात तयार होता. तो चुकला तर ताप उलटेल, ऐसी डॉक्टरांची सक्त ताकीद. परंतु मियांनी दात आवळिले, आणि मग बाजेवरून फर्मान सोडिले की, "अम्मी, बेडूक उडल्याबिगर दवा न्हाई!" थोरल्या बहिणीने, मदीनाबीने, कागदाचा उडता बेडूक मदरशात पाहून घरी वर्णिला होता, त्याचे हे फळ.

मातोश्री फातिमाबी हैदराबादेस इंटर पास, भूमितीत अव्वल. परंतु बेडूक उभ्या हयातीत केला नव्हता. अखबार घ्यावा, तर त्यात खुदाचे नाव. ते बेडकाच्या पोटाखाली भुईवर कैसे जावे? सबब पेटीतून आपली भूमितीची वही काढिली, आणि छातीवर धोंडा ठेवून पान फाडिले, आणि चौरस केला, आणि घडीवर घडी घातली, आणि दर घडीस मियांचे कपाळ चाचपिले.

पहिला बेडूक बसला तो बसलाच.

"हा तर बैल हाय," मियां वदले.

दुसरा उताणा पडला. इकडे मियांचे कपाळ कढत होऊ लागले. मग मदीनाबीने अर्ज गुजारिला की, "अम्मी, मागची घडी राहूनच गेली. उडी तर तिथंच असती!"

मग मायलेकींनी मिळून तिसरा सिद्ध केला, मागली घडी नखाने दाबिली, आणि मियांनी जातीने बोट ठेविले. बेडूक उडाला, गोधडी ओलांडिली, आणि थेट पेल्यात पडला!



"बेडकानं पिली," मियांनी तहाचे नवे कलम काढिले. "आता मी काहून पिऊ?"

मातोश्रींचे तोंड उतरले. दुसरा डोस घरात नव्हता. इतक्यात मदीनाबीने बेडूक तंगडीस धरून वर काढिला.

"बघ, एवढुसा हाय. तोंड तरी वाकडं केलं का त्यानं? अन् तू रं, भित्र्या?"

मियांनी बेडकाकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले, आणि मग नाक दाबून पेला एका दमात रिता केला.

मातोश्रींनी पेला तीनदा उलटा करून पाहिला. थेंब निघाला नाही. मग तीन दिवसांत पहिल्यांदा त्या भिंतीस पाठ टेकून बसल्या. फत्ते जाहली, ऐसे दफ्तरी दाखल असे.