सव्वादोन घंट्यांचं आयर्लंड

देवराव बारापात्र्यांना मूलबाळ नाही, हे मला त्यांच्या कन्येच्या लग्नाबद्दल त्यांचं तोंड भरून अभिनंदन केल्यानंतर कळलं. नुसतं अभिनंदन नव्हे, हातात संत्रा बर्फीचा डबाही होता.

आम्ही त्या वस्तीत राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर शेजारचे हे गृहस्थ कुणाला तरी समजावत होते, "प्रेस्टनमधी नवरीले एक दिवस आराम द्याच लागते. तसंच पुढं कार्लाइलले नेसान, तर कसं होईन? हनीमून आहे बाप्पा, बदलीवर नाही चाललो." मी शाळेत भूगोल शिकवतो. गावांची नावं ऐकली आणि ताडलं, की यांनी मुलगी विलायतेतल्या जावयाला दिलेली दिसते. संध्याकाळपर्यंत मी ही बातमी चार घरी पोचवली आणि पाचव्या घरी, म्हणजे खुद्द त्यांच्याच घरी, बर्फी घेऊन गेलो.

देवरावांनी डबा उघडला, एक तुकडा तोंडात टाकला, तो पूर्ण खाल्ला आणि मग म्हणाले, "मुलगी नाही मास्तर आम्हाले. हनीमून आमचाच आहे."

देवरावांचं वय तेव्हा बावन्न. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली. स्वयंपाकघराच्या दाराआड कुणी तरी पदर तोंडाला लावून हसल्याचा आवाज आला. त्या शेवंतावहिनी, म्हणजे नवरी.

मग हळूहळू सगळी हकीकत कळली. देवरावांचे वडील हातमागावर बसत. देवराव शिकले आणि रेल्वेच्या कचेरीत टाइमटेबल तयार करणाऱ्या शाखेत चिकटले. उमरेडला मुलगी बघायला गेले, तेव्हा रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांनी मुलीला म्हटलं, तुलाही काही विचारायचं असेल तर विचार. मुली सहसा मान खाली घालतात. या मुलीनं मान वर करून विचारलं, "तुमची गाडी कुठवर जाते जी?"

"मी घाबरलो ना मास्तर," देवराव सांगत. "इतक्या लोकाइसमोर कोणी असं विचारते का? माह्या तोंडातून निंगून गेलं, म्हणसान तिथवर. विलायत म्हणा, तं विलायत."

एखादा दुसरा माणूस हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विसरला असता. पण देवराव पडले टाइमटेबलवाले. छापलेल्या वेळेला गाडी सुटलीच पाहिजे, या मताचे. विलायत छापून झाली होती.

अडचण लग्नाच्या दिवशीच कळली. उमरेडहून नागपूरला वरात बसने निघाली, आणि बरोबर दीड तासाने नव्या नवरीला उलटी झाली. नवरदेवाच्या मांडीवरच. देवरावांनी काय करावं? घड्याळ बघितलं. तेव्हापासून हा आकडा कायम झाला. शेवंतावहिनींना बस, टांगा, आगगाडी, काहीही चालतं, फक्त दीड तास. "दीड घंटा. बस्स. त्याच्यावर एक मिनिट नाही," हे देवरावांचं पालुपद. त्यामुळे अठ्ठावीस वर्षांत वहिनी माहेर सोडून कुठे गेल्या नव्हत्या आणि माहेरही अर्ध्या वाटेत उतरून, झाडाखाली बसून, मागची बस पकडून गाठायच्या.

आणि म्हणून देवरावांची विलायत दीड-दीड तासांची होती. लंडनहून ऑक्सफर्ड, उतरा. ऑक्सफर्डहून बाथ, उतरा. मग ब्रिस्टल, कार्डिफ, हेरफर्ड, श्रूजबरी, चेस्टर. इंग्रज लोक ज्या गावांवरून झोपेत जात असतील, त्या प्रत्येक गावी बारापात्रे पतिपत्नी उतरणार होती, आराम करणार होती आणि दुसऱ्या दिवशी नऊनंतरची गाडी पकडणार होती. नऊनंतरची, कारण वहिनींची पूजा.

हे सगळं ते आलेखाच्या कागदावर काढत. आडव्या रेघांवर गावं, उभ्या रेघांवर वेळ आणि गाडीची तिरकी रेघ. बापाच्या मागावरचा ताणा-बाणा पोराच्या कागदावर उतरला होता म्हणा ना. भिंतीवर दोन घड्याळं होती. एक नागपूरचं, दुसरं लंडनचं. रविवारी दुपारी आपण जेवून लवंडावं, तर कुंपणावरून हाक यायची, "मास्तर! यॉर्कमधी दिवस उजाडून राहिला!" विलायतेत उन्हाळ्यात घड्याळं तासाने पुढे करतात, तर हेही स्टुलावर चढून करत.

त्यांचं मूळ पुस्तक म्हणजे स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतताना एका इंग्रज साहेबाने देऊन टाकलेलं तिकडच्या रेल्वेचं टाइमटेबल. माझा एक विद्यार्थी लीड्सला डॉक्टर झाला होता. त्याच्याकडून नवं टाइमटेबल मागवून द्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. बर्फीचं प्रायश्चित्त. पहिलं नवं पुस्तक आलं, तेव्हा देवरावांना कळलं की मधल्या काळात तिकडची कितीतरी स्टेशनं बंद झाली. दोन दिवस ते कचेरीत गेले नाहीत. सुधा, म्हणजे माझी बायको, विचारायला गेली, तर वहिनी हळूच म्हणाल्या, "ह्याइचे ठेसनं गेले वं."

मला मात्र भूगोल मुलांना शिकवण्याइतकाच येत होता. कार्डिफ नेमकं कुठे, हे मी देवरावांकडून शिकलो. त्यांची समजावण्याची पद्धत सोपी. "एडिंबरा म्हणजे काय मास्तर, आपला सीताबर्डीचा किल्ला, जरासा मोठा. यॉर्क म्हणजे आपलं महाल, जुनी वस्ती. ग्लासगो म्हणजे हिंगणा समजा, सगळे कारखाने." हे मी पुढे वर्गातही वापरलं. पोरांना आवडलं, हेडमास्तरांना नाही.

असा सगळा ब्रिटन ताब्यात आला होता. राहिलं होतं ते आयर्लंड. मध्ये समुद्र. स्कॉटलंडच्या टोकाला स्ट्रॅनरार म्हणून बंदर आहे, तिथून पलीकडच्या लार्नला जाणारी बोट सर्वांत जवळची. तिला लागत सव्वादोन तास. बोटीतून मध्येच उतरून झाडाखाली बसता येत नाही.

"पाऊण घंट्यानं आयर्लंड राह्यते मास्तर!" देवराव कळवळून म्हणत. मी एकदा म्हटलं, "सोडा ना मग आयर्लंड." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी वहिनींनाच लंडनला सोडून या म्हणालो. "विलायत म्हटलं होतं. अर्धी नाही म्हटली." निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती. फंडाचे पैसे आले की निघायचं, हे ठरलेलं. अडलं होतं ते त्या पाऊण तासावर.

यावर तोड काढली ती वहिनींनी. त्यांच्या ओसरीवर बंगई होती, झोपाळा म्हणा. "रोज बसतो मी हिच्यावर," त्या म्हणाल्या. "सवय होईन. तुम्ही घड्याळ लावा जी."

झालं. कचेरी सुटली की रोज संध्याकाळी वहिनी हातात लिंबू धरून बंगईवर, आणि देवराव घड्याळ घेऊन शेजारी. समुद्र कसा हलतो हे वस्तीत कुणीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून मला बोलावलं.

"मास्तर, त्या समुद्राच्या लाटा केवढ्या राह्यते?"

मी स्वतः समुद्र फक्त पाठ्यपुस्तकात पाहिलेला. म्हटलं, "मध्यम."

"मध्यम," देवरावांनी लिहून घेतलं आणि मध्यम झोका दिला.

पहिल्या आठवड्यात एक तास चाळीस मिनिटं. मग एक पन्नास. मग दोन. देवराव कुंपणावरून ओरडून सांगत, "आता पाव घंट्याचाच समुद्र राहिला!" आणि मग तो रविवार आला. ओसरीसमोर आम्ही, पानठेलेवाला, शिवाय ज्या चार घरी मी कन्येच्या लग्नाची बातमी नेली होती ती चारही घरं. दोन तास झाले. दोन दहा. वहिनींचे डोळे मिटलेले, लिंबू मुठीत. दोन चौदा. देवराव पुटपुटत होते, "दिसून राहिलं वं, दिसून राहिलं, काठ आला." दोन पंधरा! वहिनी उठल्या, सगळ्यांकडे बघून हसल्या आणि "चहा टाकतो" म्हणून आत गेल्या. सुधाही मदतीला गेली.

बाहेर आम्ही टाळ्या वाजवल्या. देवरावांनी कागद काढला आणि इतकी वर्षं तुटक ठेवलेली स्ट्रॅनरार ते लार्न ही रेघ पक्की केली. लार्नहून बेलफास्ट, बेलफास्टहून डंडॉक, तिथून डब्लिन, सगळं दीड तासाच्या आत. एकेका गावाची रेघ ओढताना त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होता.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण मी शिक्षक. रिकामी जागा दिसली की भरा, ही सवय. मी म्हटलं, "देवराव, सगळं उत्तम. पण नागपूरहून लंडनला कसं जाणार?"

पेन्सिल थांबली.

मला शपथेवर विचाराल, तर मी सहज बोललो. इतक्या वर्षांत त्या कागदांवर पहिलं स्टेशन नेहमी लंडन असायचं, हे माझ्या लक्षात आलं तेच मुळी त्या क्षणी. पानठेलेवाला जमिनीकडे बघायला लागला. विमानाला लागणारे तास काही झोपाळ्यावर बसून निघण्यातले नव्हते. देवराव कागदाच्या डाव्या कडेकडे बघत राहिले. तिथे कोरा समास होता. त्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. टाइमटेबलवाल्या माणसाला कुठून निघायचं हे कळत नसेल होय? पण आजवर कुणी मोठ्याने विचारलं नव्हतं.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. तोंडावर पाणी मारून आल्या होत्या, कपाळाचं कुंकू जरा ओघळलं होतं.

"त्यात काय आहे मास्तर?" त्या म्हणाल्या. "लंडनवरी मी निजून जाईन. निजेत मले काही नाही होत. काहून जी, लग्नाच्या वक्ताले निजली असती, तं झालं असतं का काही?"

देवरावांनी वर बघितलं. मग समासात बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं : नागपूर ते लंडन, झोप. खाली रेघ मारली. "बरोबर आहे," म्हणाले. "हे मले सुचलंच नाही." आणि बशीत ओतलेला चहा सगळ्यांआधी माझ्यापुढे केला. मी तो मान खाली घालून प्यालो.

घरी परतताना मात्र माझी जीभ पुन्हा सैल झाली. "काय माणसं आहेत! ही बंगईवर बसून समुद्र ओलांडते, झोपेत लंडन गाठते, आणि तो ते लिहून घेतो. आणि तिकीट काढायला निघालेत!"

सुधाने दाराचं कुलूप काढलं, चपला नीट लावल्या, आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही पुढे टाळ्या वाजवत होतात ना, तेव्हा मी मागच्या मोरीवर वहिनींची पाठ चोळत होते. आजच नाही, बंगई सुरू झाल्यापासून रोज. आज मीच म्हटलं, वहिनी, आता तरी सांगून टाका त्यांना. तर चूळ भरता भरता म्हणाल्या, नको वं बाई. एवढ्या वर्षानं ह्याइले आयर्लंड भेटलं."